रंगीत कक्षाचित्रांतून मंगळावरची बदललेली खनिजं कशी ओळखायची

मंगळाचं हायराइज कॅमेऱ्याने टिपलेलं रंगीत चित्र पहिल्यांदा उघडणाऱ्याला हमखास भुरळ पडते ती निळ्या रंगाची. तांबूस ग्रहावर मध्येच निळे पट्टे, निळ्या वाळूच्या लाटा दिसतात आणि मग इथे पाणी असेल का, बर्फ असेल का, असे तर्क सुरू होतात. बहुतेक वेळा ती बेसॉल्टची काळी वाळू असते. प्रत्यक्षात ती करडी-काळी दिसली असती, पण चित्रात लाल रंगाच्या जागी अवरक्त प्रकाश बसवलेला असल्यामुळे ती निळी होते. पाण्याने खरोखर बदललेला खडक अनेकदा तिच्या शेजारीच असतो. तो मळकट तपकिरी किंवा पांढुरका असतो आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

तो खडक कसा शोधायचा आणि त्याबद्दल किती ठामपणे बोलायचं, हे इथे क्रमाने सांगितलं आहे. भर मंगळावर आहे, कारण त्याची चित्रं आणि वर्णपट (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो याचा आलेख) कुणालाही फुकट मिळतात आणि काही ठिकाणी रोव्हरने जमिनीवर जाऊन पडताळणीही केली आहे. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करा. रंगीत चित्रातून खनिजाचं नाव कळत नाही. त्यातून सीमा कळतात, म्हणजे कुठला थर कुठे संपतो, वेगळा खडक कुठे उघडा पडलाय. नाव ठरतं वर्णपटावरून. या दोन कामांची गल्लत झाली की पुढचं सगळं विवेचन घसरतं.

आधी एवढं समजून घ्या: रंगात दिसतं ते लोह

मंगळाचं कवच बहुतांशी बेसॉल्टचं आहे आणि बेसॉल्टमध्ये मुख्यतः ऑलिव्हिन, पायरोक्सिन आणि प्लॅजिओक्लेज ही खनिजं असतात. या खडकात पाणी मुरलं, मग ते तळ्याचं असो की जमिनीखालचं गरम पाणी असो, की ही मूळ खनिजं फार काळ टिकत नाहीत. त्यांच्यापासून चिकणमातीची खनिजं आणि लोहाची ऑक्साइडं बनतात. पाणी आम्लधर्मी आणि गंधकयुक्त असेल तर सल्फेटं तयार होतात. कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल आणि आम्लता कमी असेल तर कार्बोनेटं बनतात. पाणी आटत गेलं की क्लोराइडसारखे क्षार मागे राहतात. बदललेली खनिजं म्हणजे हा सगळा गट. त्यांचा एवढा शोध घेतला जातो, कारण कुठलं खनिज बनलंय यावरून ते पाणी कसं होतं याचा अंदाज बांधता येतो.

रंगीत कॅमेरे साधारण ४०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात पाहतात. या पट्ट्यात प्रकाश शोषून घेण्याचं काम मुख्यतः लोह करतं. ऑलिव्हिन आणि पायरोक्सिनमधलं फेरस लोह १००० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, म्हणून हे खडक अवरक्त फिल्टरमध्ये काळपट दिसतात. ऑक्सिडीकरण झालेलं फेरिक लोह निळा-हिरवा प्रकाश गिळतं आणि त्याचा एक ठळक शोषणपट्टा, म्हणजे वर्णपटातली खाच, ५३० नॅनोमीटरजवळ असतो. हेमॅटाइटमध्ये त्याच्या जोडीला ८६० नॅनोमीटरजवळ आणखी एक पट्टा असतो.

चिकणमातीची खरी ओळखखूण याच्या बरीच पलीकडे आहे. धातू आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) यांच्या बंधाचा पट्टा २.२ ते २.३५ मायक्रॉनच्या (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) दरम्यान असतो आणि खनिजात अडकलेल्या पाण्याचा १.९ मायक्रॉनजवळ. रंगीत कॅमेऱ्याची नजर तिथवर जात नाही. त्यामुळे रंगीत चित्रात चिकणमाती वेगळी दिसते ती तिच्यातल्या लोहामुळे, किंवा लोह निघून गेल्यामुळे. चित्राकडून किती अपेक्षा ठेवायची ते यावरूनच ठरतं.

कॅमेरे आणि वर्णपटमापक

हायराइज हा मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर या यानावरचा कॅमेरा. हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. कॅमेऱ्याचा आरसा ५० सेंटिमीटरचा आहे आणि चित्राचा एक पिक्सेल जमिनीवरच्या २५ ते ३० सेंटिमीटर जागेएवढा असतो. त्याचे रंगपट्टे तीन: निळा-हिरवा (सुमारे ४०० ते ६०० नॅनोमीटर), लाल (५५० ते ८५०) आणि जवळचा अवरक्त (८०० ते १०००). चित्राची पूर्ण रुंदी सुमारे ६ किलोमीटर असली तरी रंग फक्त मधल्या साधारण १.२ किलोमीटरच्या पट्टीतच मिळतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून याच मधल्या भागातला एक सेन्सर बिघडलाय, म्हणून शिकायला त्याआधीची चित्रं घ्यावीत.

मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या दुसऱ्या यानावरच्या कॅसिस कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेचार मीटरच्या आसपास आहे, पण त्याला चार फिल्टर आहेत आणि त्यातले दोन अवरक्ताच्या बाजूचे आहेत. फेरस आणि फेरिक लोह वेगळं काढायला तो मला हायराइजपेक्षा सोयीचा वाटतो. शिवाय त्याच्या चित्रात रंग बराच रुंद, साडेनऊ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात मिळतो.

खनिजाला नाव देतो तो क्रिझम हा वर्णपटमापक. तोही मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरवरच होता. त्याने ३६२ ते ३९२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ५४४ वेगवेगळ्या तरंगलांबींना मंगळ पाहिला आणि चांगल्या निरीक्षणांत त्याचा पिक्सेल १८ मीटरचा होता. त्याचा अवरक्त सेन्सर थंड ठेवणाऱ्या यंत्रणा एकेक करून निकामी झाल्या आणि २०२३ मध्ये तो कायमचा बंद करण्यात आला. त्यामुळे नवीन निरीक्षणं मिळणार नाहीत, मात्र जुना साठा प्रचंड आहे आणि त्यातला बराचसा भाग अजून नीट तपासला गेलेला नाही.

या आकड्यांतली तफावत लक्षात घ्या. क्रिझमच्या एका पिक्सेलमध्ये हायराइजचे जवळपास पाच हजार पिक्सेल मावतात. वर्णपट सांगतो की या १८ मीटरच्या चौकोनात कुठेतरी लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती आहे. ती भेगांच्या कडेला आहे, थराच्या तळाशी आहे की सुट्या दगडांत, हे दाखवायला रंगीत चित्र लागतं.

पायरी १: जागा निवडा, धूळ टाळा

मंगळावरचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे धूळ. तिचा पातळ थरही खालच्या खडकाची ओळख पुसून टाकतो. थार्सिस या ज्वालामुखींच्या पठारावर कितीही सुंदर लाव्हाप्रवाह दिसले तरी खनिजांच्या दृष्टीने तो भाग जवळजवळ मुका आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाच्या निरीक्षणांवरून धुळीच्या आच्छादनाचा नकाशा तयार झालेला आहे, तो आधी पाहा. मग त्यातल्या त्यात कडे, विवरांच्या भिंती आणि वाऱ्याने खरवडून काढलेली जमीन निवडा. तिथे धूळ टिकत नाही.

पहिल्या सरावासाठी मी माव्र्थ व्हॅलिस सुचवेन. ही जागा साधारण २४ अंश उत्तर अक्षांश आणि ३४१ अंश पूर्व रेखांशावर आहे. इथे चिकणमातीचे थर १५० मीटरहून जास्त जाडीचे आहेत. खाली लोह-मॅग्नेशियमयुक्त आणि वर अ‍ॅल्युमिनियमयुक्त असा त्यांचा क्रम आहे, आणि दोन्ही थरांचा रंग इतका वेगळा आहे की नवख्यालाही सीमा सापडते. इथे हात बसला की निली फॉसे हा भाग घ्या. तिथे ऑलिव्हिन, चिकणमाती आणि कार्बोनेट एकाच परिसरात आहेत, म्हणून गोंधळ जास्त होतो आणि शिकायलाही जास्त मिळतं.

पायरी २: चित्रं आणि साधनं गोळा करा

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं जेमार्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. त्यात मंगळाच्या नकाशावर हायराइज, क्रिझम आणि सीटीएक्स (त्याच यानावरचा आणखी एक कॅमेरा) यांच्या चित्रांच्या चौकटी एकावर एक पाहता येतात. तिन्ही चौकटी जिथे एकमेकींवर येतात तेवढाच तुमचा कामाचा भाग. सीटीएक्सची चित्रं काळी-पांढरी असतात आणि पिक्सेल ६ मीटरचा असतो, पण त्यांची रुंदी ३० किलोमीटर असल्यामुळे तुम्ही नेमके कुठे आहात हे समजायला ती हवीतच. हायराइजच्या मोठ्या फायली पाहायला हायव्ह्यू आणि पुढच्या कामाला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत.

क्रिझमसाठी एमटीआरडीआर नावाच्या फायली घ्या. त्यांवर वातावरणाची दुरुस्ती आणि नकाशावर बसवण्याचं काम आधीच झालेलं असतं. व्यावसायिक मंडळी एनव्ही हे महागडं सॉफ्टवेअर वापरतात, पण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येत असेल तर स्पेक्ट्रल पायथन या मोफत लायब्ररीवर सुरुवातीचं सगळं काम भागतं.

पायरी ३: रंगांचा क्रम आणि ताण तपासा

हायराइजच्या रंगीत फाइलमध्ये पहिला पट्टा अवरक्त, दुसरा लाल आणि तिसरा निळा-हिरवा असतो. पडद्यावर ते अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगात दाखवले जातात. याला आयआरबी चित्र म्हणतात. दुसरा प्रकार आरजीबी. त्यात निळा रंग गणिताने तयार केलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो, म्हणून अभ्यासाला आयआरबीच घ्या.

आता ताण. मंगळावरचे मूळ रंगफरक फार फिके असतात, म्हणून प्रत्येक चित्रातल्या सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ मूल्यांमधलं अंतर खेचून वाढवलेलं असतं. हे खेचणं प्रत्येक चित्रात वेगवेगळं असतं. परिणाम असा की एका चित्रातला निळसर पांढरा खडक आणि दुसऱ्या चित्रातला निळसर पांढरा खडक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो. दोन चित्रांचे रंग डोळ्यांनी जुळवून खनिज ठरवणं हा या छंदातला सर्वांत मोठा सापळा आहे. एकाच चित्रातल्या शेजारशेजारच्या खडकांची तुलना मात्र बिनधास्त करा. रंगाची खरी ताकद तिथेच आहे.

पायरी ४: गुणोत्तरं काढा

रंग डोळ्यांनी वाचण्यापेक्षा पट्ट्यांचं एकमेकांशी गुणोत्तर काढणं कधीही चांगलं. उताराच्या कमी-जास्त उजेडाचा परिणाम सगळ्या पट्ट्यांवर जवळपास सारखा होतो. भागाकार केल्यावर तो बराचसा निघून जातो आणि उरतो तो मुख्यतः पृष्ठभागाच्या रंगाचा फरक.

क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याआधी एक गोष्ट करावी लागते. फाइलमधले आकडे थेट परावर्तन नसतात. सोबतच्या लेबल फाइलमध्ये प्रत्येक पट्ट्यासाठी एक गुणक आणि एक स्थिरांक दिलेला असतो. आकड्याला गुणकाने गुणून त्यात स्थिरांक मिळवला की परावर्तन मिळतं. ही पायरी गाळून काढलेल्या गुणोत्तराला काही अर्थ नाही.

दुसरी दुरुस्ती हवेची. मंगळाची हवा विरळ असली तरी धुळीने भरलेली असते आणि ती स्वतःचा थोडा प्रकाश कॅमेऱ्याकडे पाठवते. पूर्ण सावलीतला एखादा गडद कोपरा शोधा, तिथलं प्रत्येक पट्ट्याचं मूल्य टिपा आणि ते त्या त्या पट्ट्यातून वजा करा. पद्धत ओबडधोबड आहे, कारण सावलीतही आकाशातून प्रकाश येतोच. तरी काहीच न करण्यापेक्षा ती बरी.

मग दोन गुणोत्तरं काढा. पहिलं लाल भागिले निळा-हिरवा, यातून फेरिक लोह किती आहे त्याचा अंदाज येतो. दुसरं अवरक्त भागिले लाल, हे कमी असेल तर अवरक्तात काहीतरी प्रकाश शोषतंय. दोन्ही एकत्र वाचली की चित्र उलगडायला लागतं. पहिलं जास्त आणि दुसरंही जास्त असेल तर बहुधा धूळ. तिच्यातलं फेरिक लोह अतिसूक्ष्म कणांचं असतं आणि त्याला ८६० नॅनोमीटरचा ठळक पट्टा नसतो. दोन्ही कमी असतील तर ऑलिव्हिन किंवा पायरोक्सिन असलेला न बदललेला खडक, किंवा त्याची वाळू. पहिलं जास्त पण दुसरं कमी असेल तर हेमॅटाइटची शंका घ्या. खडक उजळ आहे पण दोन्ही गुणोत्तरांत ठळक कल नाही, असं दिसलं तर सावध व्हा, कारण लोह निघून गेलेली अ‍ॅल्युमिनियमयुक्त चिकणमाती, सिलिका, काही सल्फेटं आणि क्षार हे सगळे याच कोपऱ्यात गर्दी करतात. दहिवरही, म्हणजे जमिनीवर गोठलेला पातळ बर्फ, तिथेच येतं.

कमी आणि जास्त म्हणजे नेमकं किती, याचा ठरीव आकडा देता येत नाही. त्याच चित्रातली धूळ आणि त्याच चित्रातली काळी वाळू ही दोन टोकं धरा आणि बाकीचे खडक त्यांच्यामध्ये कुठे बसतात ते पाहा.

पायरी ५: फसवे रंग वगळा

हायराइज दुपारी तीनच्या सुमारास, सूर्य पश्चिमेकडे असताना चित्र घेतो. म्हणून नकाशावर बसवलेल्या चित्रात उजेड डावीकडून येतो आणि पूर्वेकडचे उतार अंधारात जातात. तिथल्या रंगावर विसंबू नका, तो बराचसा आकाशातून विखुरलेल्या प्रकाशाचा असतो.

तीन पट्ट्यांचे सेन्सर एकाच क्षणी एकच जागा पाहत नाहीत. यान किंचित थरथरलं तरी पट्टे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि दगडांच्या कडांना रंगीत किनार येते. एक-दोन पिक्सेल रुंदीची, सगळ्या दगडांना एकाच बाजूने दिसणारी निळी किंवा लाल कड खनिजाची नसते.

दहिवर ओळखायचं असेल तर अक्षांश आणि ऋतू पाहा, आणि त्याच जागेचं उन्हाळ्यातलं चित्र शोधा. डाग गायब झाला तर प्रश्न मिटला. वाळूचं तसंच: ती उतारावरून ओघळते, खळग्यांत साचते, तिच्यावर लाटा असतात. खालच्या थराचा रंग म्हणून वाळूचा रंग नोंदवला जाणं फार सोपं आहे.

उलटी फसवणूकही होते, ती जास्त बोलकी आहे. मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ ऑलिम्पिया उंडे नावाचा वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण पट्टा आहे. रंगाने तो गडद आहे, कुणीही त्याला बेसॉल्टची वाळू म्हणेल. मार्स एक्सप्रेस यानावरच्या ओमेगा या वर्णपटमापकाला तिथे जिप्सम सापडलं आणि ते २००५ मध्ये जाहीर झालं. शुद्ध जिप्सम पांढरं असतं, पण इथे ते गडद वाळूत मिसळलेलं असल्यामुळे रंगात त्याचा मागमूस नाही.

पायरी ६: नाव वर्णपटाकडून घ्या

क्रिझमच्या निरीक्षणासोबत आधीच तयार केलेली काही रंगीत चित्रं मिळतात, त्यांना ब्राउझ चित्रं म्हणतात. सुरुवात पीएचवाय या चित्राने करा. त्यात लाल किंवा किरमिजी रंग लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणमातीकडे बोट दाखवतो, हिरवा किंवा हिरवट निळा रंग अ‍ॅल्युमिनियमयुक्त चिकणमाती किंवा सिलिकाकडे, आणि निळा रंग सल्फेटांसारख्या इतर पाणीदार खनिजांकडे. एमएएफ हे चित्र ऑलिव्हिन आणि पायरोक्सिनसाठी आहे. हे रंग म्हणजे वर्णपटातल्या ठरावीक पट्ट्यांची मोजलेली खोली आहे, तरीही तो अजून अंदाजच. इथे थांबून निष्कर्ष लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही एक पाऊल पुढे जा आणि प्रत्यक्ष वर्णपट काढा.

संशयित जागेतले निदान २५ पिक्सेल निवडून त्यांची सरासरी घ्या. मग त्याच निरीक्षणातला एक निरस भाग, म्हणजे शक्यतो धुळीचा आणि कुठलाही पट्टा नसलेला, निवडून त्याची सरासरी काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. या भागाकाराने वातावरणाचे उरलेसुरले अवशेष आणि यंत्राचे दोष दोन्ही कमी होतात. हा निरस भाग सेन्सरच्या त्याच स्तंभातून घ्यावा असा संकेत आहे, कारण क्रिझमचा प्रत्येक स्तंभ म्हणजे सेन्सरचा वेगळा घटक आणि प्रत्येकाची खोड वेगळी. नकाशावर बसवलेल्या फायलींत हे स्तंभ किंचित तिरके झालेले असतात, त्यामुळे सरळ वर-खाली न जाता त्या तिरकेपणाच्या अंदाजाने जागा निवडा.

आता पट्टे वाचा. खाली दिलेली स्थानं पाठ झाली तर निम्मं काम सोपं होतं.

१.९ मायक्रॉनला पट्टा असेल तर खनिजात पाणी आहे. त्याच्या जोडीला १.४ आणि २.२८ ते २.३१ ला पट्टे असतील तर लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती. त्यातही २.२९ च्या जवळ असेल तर लोह जास्त, २.३१ च्या जवळ असेल तर मॅग्नेशियम जास्त.

२.२ ला अरुंद पट्टा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमयुक्त चिकणमाती. त्याच्या डावीकडे २.१६ ला आणखी एक खाच दिसली तर केओलिनाइट. हाच पट्टा पसरट होऊन २.२६ पर्यंत गेला असेल तर पाणीदार सिलिका.

१.९३ आणि २.४ एकत्र असतील तर भरपूर पाणी असलेली सल्फेटं. २.१ आणि २.४ असतील तर किझेराइटसारखी एका जलरेणूची सल्फेटं.

२.३ आणि २.५ ही जोडी कार्बोनेटाची. २.३ एकटाच पाहून चिकणमाती म्हणण्याची घाई अनेकांकडून होते. निली फॉसेमध्ये तर दोन्ही एकत्र असतात, म्हणून २.५ कडे नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमचा वर्णपट अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संग्रहातल्या प्रयोगशाळेतल्या वर्णपटांशी ताडून पाहा. पट्ट्यांची स्थानं जुळायला हवीत, खोली जुळेलच असं नाही. कणांचा आकार आणि मिश्रण यांनी खोली बदलते. किमान दोन पट्टे जुळल्याशिवाय नाव देऊ नये, असं माझं मत आहे.

यंत्राचे सापळे इथेही आहेत. १ मायक्रॉनजवळ क्रिझमचे दोन सेन्सर एकमेकांना जोडले जातात, तिथला लहानसा उंचवटा किंवा खड्डा खरा मानू नका. २ मायक्रॉनजवळ मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड जोरदार प्रकाश शोषतो. तो काढून टाकण्यासाठी ऑलिम्पस मॉन्स या उंच ज्वालामुखीचा पायथा आणि शिखर यांच्या निरीक्षणांतला फरक वापरतात, पण दुरुस्ती कधीच पूर्ण होत नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की क्रिझमच्या आकडेवारीवरच्या प्रक्रियेतून काही मोजक्या पिक्सेलमध्ये १.९ आणि २.१ मायक्रॉनला खोटे पट्टे तयार होतात आणि ते हुबेहूब पर्क्लोरेट या क्लोरीनयुक्त क्षारासारखे दिसतात. मंगळावरच्या उतारांवर दिसणाऱ्या गडद रेघांत पर्क्लोरेटाचे क्षार आहेत, असा गाजलेला दावा २०१५ मध्ये क्रिझमच्याच आधारावर झाला होता. एक-दोन पिक्सेलवर इमारत उभी करू नये, ती यासाठी.

क्लोराइडांचं प्रकरण वेगळं आहे. या पट्ट्यात त्यांना स्वतःची खूण नसते, म्हणून ते एकट्या क्रिझमने ओळखता येत नाहीत. आधी मार्स ओडिसीवरच्या थेमिस या उष्मा-अवरक्त कॅमेऱ्याने ते दाखवले. ८-७-५ या पट्ट्यांच्या ताणलेल्या चित्रात ते निळे दिसतात. पुढे कॅसिसच्या रंगीत चित्रांत त्यांची गुलाबी-जांभळट झाक लक्षात आली आणि तिच्या आधारे २०२४ मध्ये ९६५ ठिकाणांची यादी प्रसिद्ध झाली. रंगावरून इतकं पुढे जाता आलेली उदाहरणं मोजकी आहेत, आणि इथेही पाया आधीच्या उष्मा-अवरक्त निरीक्षणांनी घातलेला होता.

पायरी ७: पुन्हा रंगीत चित्राकडे, या वेळी पोत आणि थर पाहायला

क्रिझमचा नकाशा हायराइजच्या चित्रावर बसवा. सहसा तो थोडा सरकलेला असतो. एखाद्या विवराची कड किंवा कड्याचा कोपरा धरून हाताने जुळवा. मग क्रिझमचा ठिपका नेमका कुठल्या रंगाच्या खडकावर पडतोय ते पाहा.

माव्र्थ व्हॅलिसमध्ये लोह-मॅग्नेशियमयुक्त थर आयआरबी चित्रात तांबूस-तपकिरी दिसतो आणि त्याच्यावरचा अ‍ॅल्युमिनियमयुक्त थर निळसर पांढरा. दोन्हींत बहुभुजाकृती भेगा आहेत, चिकणमाती आकसल्यावर पडतात तशा. एकदा हे नातं एका जागी वर्णपटाने पक्कं झालं की त्याच चित्रात ती सीमा तुम्ही मीटरभर अचूकतेने रेखू शकता, जे क्रिझमला कधीच जमलं नसतं. मघाशी रंग सीमा सांगतो म्हटलं ते याच अर्थाने.

वर अ‍ॅल्युमिनियम आणि खाली लोह-मॅग्नेशियम हा क्रम भूवैज्ञानिकांना ओळखीचा आहे. उष्ण, पावसाळी भागात बेसॉल्ट वरून झिजत जातो तेव्हा मॅग्नेशियमसारखी विरघळणारी मूलद्रव्यं खाली वाहून जातात आणि अ‍ॅल्युमिनियम वर उरतं. जांभा दगड बनण्याची वाटही हीच, फक्त त्यात लोहसुद्धा वरच साचून राहतं. माव्र्थमध्ये वरचा थर लोहाने गरीब आहे, म्हणजे तिथलं पाणी लोहालाही हलवू शकेल असं, बहुधा आम्लधर्मी असावं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, आणि लिहितानाही तसाच लिहावा.

थरांचा क्रम तपासताना उंचीचा नकाशा जोडा. बदललेला खडक एकाच उंचीवर, थराच्या रूपाने पसरलेला आहे की भेगांच्या कडेने? पहिल्या बाबतीत तळं किंवा वरून झालेली झीज संभवते, दुसऱ्या बाबतीत जमिनीखालून फिरलेलं पाणी. विवराच्या मधल्या उंचवट्यावर चिकणमाती दिसली तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण ती आघातापूर्वी खोल जमिनीत होती की आघाताच्या उष्णतेने नंतर बनली, हे फक्त चित्रावरून ठरवणं जवळपास अशक्य असतं.

पायरी ८: दावा बेताचा करा

मी नोंदी तीन प्रकारे लिहितो आणि नवख्यांनाही तेच सुचवतो. फक्त रंगावर आधारलेलं असेल तर 'वेगळा रंगघटक' एवढंच म्हणायचं, खनिजाचं नाव नाही. वर्णपटात एक पट्टा जुळला तर 'पाणीदार खनिजाची शक्यता'. दोन किंवा जास्त पट्टे जुळले, जागा २५ पिक्सेलहून मोठी असली आणि पोतही सुसंगत असला तरच नाव. तेव्हाही 'आढळलं' लिहावं, 'भरपूर आहे' असं लिहू नये.

हे शेवटचं का, ते गेल विवरात दिसलं. क्रिझमने तिथल्या व्हेरा रुबिन कड्यावर हेमॅटाइटची ठळक खूण दाखवली होती. क्युरिऑसिटी रोव्हर २०१७ मध्ये त्या कड्यावर चढलं आणि हेमॅटाइट खरोखर सापडलं, पण ते कड्यापुरतं मर्यादित नव्हतं, खालच्या खडकांतही होतं. कड्यावर धूळ कमी आणि कणांचा आकार अनुकूल, म्हणून कक्षेतून खूण तिथेच उठून दिसली होती. म्हणजे खूण खरी होती, तिच्यावरून काढलेला प्रमाणाचा अंदाज चुकला असता.

मेरिडियानी पठाराची गोष्ट याच्या उलट आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरच्या उष्मा-वर्णपटमापकाला तिथे करड्या, स्फटिकी हेमॅटाइटची खूण मिळाली. करडं हेमॅटाइट लाल नसतं, त्यामुळे रंगीत चित्रात ते हेमॅटाइट म्हणून ओळखताच आलं नसतं. त्याच खुणेवरून जागा निवडून जानेवारी २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हर तिथे उतरवलं गेलं आणि जमिनीवर हेमॅटाइटच्या बारीक गोळ्या विखुरलेल्या सापडल्या.

मंगळाबाहेर जाताना

हीच पद्धत इतरत्र वापरताना आधी तिथला पृष्ठभाग कशाने बदलतो ते पाहावं लागतं. चंद्रावर सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांचा मारा जमिनीला हळूहळू गडद आणि लालसर करतो. त्यामुळे रंगफरक दिसला की तो खनिजाचा आहे की वयाचा, हा पहिला प्रश्न. क्लेमेंटाइन यानाच्या १९९४ च्या चित्रांवरून बनवलेले गुणोत्तर-नकाशे सरावाला उत्तम आहेत. त्यात ७५० ला ४१५ ने, ७५० ला ९५० ने आणि ४१५ ला ७५० नॅनोमीटरने भागून अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग दिलेला असतो. चांद्रयान-१ वरच्या मून मिनरॉलॉजी मॅपरची ८५ पट्ट्यांची आकडेवारी त्यापुढची पायरी. याच उपकरणाने २००९ मध्ये ३ मायक्रॉनजवळ हायड्रॉक्सिल आणि पाण्याची खूण दाखवली आणि २०२० मध्ये तिच्यातूनच चंद्राच्या वरच्या अक्षांशांवर हेमॅटाइट असल्याचं मांडलं गेलं.

सेरेस या बटुग्रहावर डॉन यानाला ऑकेटर विवरात दिसलेले लख्ख पांढरे डाग सुरुवातीला बर्फाचे वाटले होते. वर्णपटाने ते मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे ठरवले. डॉनच्या कॅमेऱ्याला सात रंगीत फिल्टर होते आणि त्याची चित्रं खुली आहेत. माव्र्थचा सराव झाल्यावर ती उघडा, पण पायरी १ मधला धुळीचा नकाशा तिथे नाही, त्यामुळे एकाच चित्रातली दोन टोकं तुमची तुम्हालाच शोधून ठरवावी लागतील.